विद्युत ठेकेदारी : नफ्याचे गणित आणि खेळत्या भांडवलाची कसोटी

भारतातील विद्युतीकरणाची चर्चा बहुधा वीजनिर्मितीची स्थापित क्षमता, पारेषण वाहिन्या आणि वितरण कंपन्यांचा तोटा या तीन विषयांभोवती फिरते. रोहित्रापासून घरातील दिव्यापर्यंतचे काम मात्र ज्याच्या हातून होते, तो अनुज्ञप्तीधारक विद्युत ठेकेदार या चर्चेत क्वचितच डोकावतो. २००१ च्या जनगणनेनुसार देशातील ५५.८ टक्के कुटुंबे प्रकाशासाठी विजेचा वापर करीत होती. २०११ मध्ये हे प्रमाण ६७.२ टक्के झाले. एप्रिल २००५ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना, २०१४ मध्ये तिला सामावून घेणारी दीनदयाळ उपाध्याय ग्राम ज्योती योजना आणि सप्टेंबर २०१७ मधील ‘सौभाग्य’ योजना यांतून हे चित्र पालटत गेले. एकट्या ‘सौभाग्य’ योजनेच्या काळात मार्च २०२२ अखेर २.८६ कोटी घरांना वीजजोडणी मिळाली. योजनांचा निधी केंद्राने पुरविला आणि निविदा वितरण कंपन्यांनी काढल्या. खांब उभारणे, तारा ओढणे, मीटर बसविणे आणि भूयोजन करणे ही प्रत्यक्ष कामे मोठ्या प्रमाणावर मुख्य ठेकेदार व त्यांच्या हाताखालील लहान उपठेकेदारांनी केली.

या लहान ठेकेदाराची आर्थिक स्थिती विकासाच्या दृष्टीने दुय्यम मानता येत नाही. त्याचा धंदा तोट्यात गेला तर काम अर्धवट राहते, निकृष्ट साहित्य वापरले जाते किंवा भूयोजनात काटकसर होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडील वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात. या सर्व मृत्यूंचे कारण ठेकेदारी नव्हे. तरीही परवडत नसलेल्या दरात घेतलेले काम हा सुरक्षिततेला लागलेला पहिला सुरुंग असतो, याविषयी क्षेत्रातील जाणकारांत फारसे दुमत नाही.

अनुज्ञप्ती व कायदेशीर चौकट

विद्युत संच मांडणीचे काम कोणासही करता येत नाही. भारतीय विद्युत नियम १९५६ मधील नियम ४५ नुसार असे काम राज्य शासनाची अनुज्ञप्ती असलेल्या ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्रीकडून करून घेणे बंधनकारक होते. विद्युत अधिनियम २००३ अमलात आल्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षितता व वीजपुरवठाविषयक उपाययोजनांचे विनियम २०१० मध्ये केले व २०२३ मध्ये ते नव्याने अधिसूचित झाले. अनुज्ञप्तीचे तत्त्व मात्र तेच राहिले. अनुज्ञप्ती देण्याची व्यवस्था राज्यनिहाय असल्याने एका राज्यातील ठेकेदाराला दुसऱ्या राज्यात काम घ्यायचे झाल्यास तेथील नियम पाहावे लागतात. तांत्रिक बाजूस भूयोजनासाठी आयएस ३०४३ व अंतर्गत वायरिंगसाठी आयएस ७३२ ही भारतीय मानके आणि राष्ट्रीय विद्युत संहिता यांचा आधार घेतला जातो.

अनुज्ञप्तीमुळे स्पर्धा काही अंशी मर्यादित होते. पण तिच्यामुळे नफा आपोआप मिळत नाही.

वाढावा आणि नफा यांतील फरक

लहान ठेकेदार दर ठरविताना बहुधा साहित्य व मजुरीचा खर्च काढतो आणि त्यावर वीस टक्के चढवितो. हे वीस टक्के म्हणजे आपला नफा, अशी त्याची समजूत असते. एका काल्पनिक उदाहरणाने यातील चूक स्पष्ट होईल. वर्षभरातील कामांवर साहित्य ६५ लाख रुपये व मजुरी, वाहतूक इत्यादी ३५ लाख रुपये असा एकूण १ कोटी रुपयांचा प्रत्यक्ष खर्च झाला. त्यावर वीस टक्के वाढावा धरून वस्तू व सेवा कर वगळता १ कोटी २० लाखांची देयके सादर झाली. ढोबळ नफा २० लाख रुपये. पण तो विक्रीच्या १६.६७ टक्के आहे, २० टक्के नाही. खर्चावरील टक्केवारी व विक्रीवरील टक्केवारी यांची ही गल्लत स्पर्धा परीक्षेतील गणितात जितकी सामान्य, तितकीच व्यवहारातही सामान्य असते.

या २० लाखांतून कार्यालयाचे भाडे, पर्यवेक्षकाचे वेतन, वाहन, विमा, दूरध्वनी, लेखापालाचे शुल्क, निविदा अर्जांचा खर्च आणि ठेकेदाराचे स्वतःचे वेतन हा वरखर्च भागवायचा असतो. तो १४ लाख धरला तर व्याजापूर्वी ६ लाख रुपये, म्हणजे विक्रीच्या ५ टक्के उरतात. येथे ठेकेदाराचे स्वतःचे वेतन हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. अनेक कुटुंबव्यवसायांत मालक वेतन घेतच नाही, मुलगा हिशेब पाहतो, पत्नी कार्यालय सांभाळते आणि या श्रमांचे मोल कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही. कागदावर दिसणारा नफा त्या वेळी घरच्यांच्या न दिलेल्या पगाराचा असतो.

शासकीय दरसूचीतही हा मुद्दा अभिप्रेत आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर विश्लेषणात ठेकेदाराचा नफा व वरखर्च मिळून साधारणतः १५ टक्के धरले जातात. यात नफ्यासोबत वरखर्चही आहे, हे विसरून दरसूचीपेक्षा वीस टक्के कमी दराने निविदा भरणारे ठेकेदार आढळतात. साहित्य घाऊक सवलतीत मिळत असेल तर थोडी घट परवडू शकते. एरवी ती घट कोठून तरी भरून काढावी लागते आणि ती बहुधा तारेच्या जाडीतून, भूयोजन खड्ड्याच्या खोलीतून किंवा मजुराच्या पगारातून निघते.

दर कमी करून काम वाढविण्याच्या मोहाचेही गणित मांडता येते. १०० रुपयांच्या कामात प्रत्यक्ष खर्च ८० रुपये असेल तर २० रुपये शिल्लक राहतात. दर पाच टक्क्यांनी उतरविला की शिल्लक १५ रुपये होते. म्हणजे पूर्वीइतकीच रक्कम हाती येण्यासाठी एकतृतीयांश अधिक काम करावे लागते आणि तेही वरखर्च न वाढविता. तेवढे पर्यवेक्षक व तारतंत्री उपलब्ध नसतील तर ही वाढ कागदावरच राहते.

मजुरीचा खरा दर

अंदाजपत्रकात सर्वांत मोठी चूक मजुरीत होते. साहित्याचे भाव व्यापाऱ्याकडून लेखी मिळतात. मजुरी मात्र अंदाजाने धरली जाते. समजा, एका तारतंत्रीचे मासिक वेतन १८ हजार रुपये आहे. महिन्याचे २६ दिवस व दिवसाचे ८ तास धरले तर २०८ तास होतात आणि तासाचा दर सुमारे ८६ रुपये येतो. आता भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा, बोनस व भरपगारी रजा यांसाठी वेतनाच्या सुमारे एक चतुर्थांश रक्कम धरल्यास मासिक खर्च २२,५०० रुपये होतो. आठ तासांपैकी साहित्याची वाट पाहणे, एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे, गवंडीकाम पूर्ण न झाल्याने थांबून राहणे यात दोन तास गेले तर प्रत्यक्ष कामाचे तास १५६ उरतात. दर तासाचा खर्च १४४ रुपये झाला. ८६ रुपयांच्या हिशेबाने घेतलेले काम १४४ रुपयांत पार पडते आणि ठेकेदाराला वर्षाअखेरीपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही.

यावर उपाय कामगारावर ओरडणे हा नसून सकाळी साहित्य जागेवर हजर असणे हा आहे. एकाच इमारतीत तारतंत्रीला चार खेपा माराव्या लागतात, त्याचे कारण बहुधा दुकानातून आणायची राहून गेलेली एखादी पेटी किंवा स्विच असतो. प्रत्येक कामाची स्वतंत्र खर्चवही ठेवून अंदाजित तास व प्रत्यक्ष तास यांची दर आठवड्याला तुलना करणाऱ्या ठेकेदाराला पुढील अंदाजपत्रकासाठी स्वतःचीच दरसूची मिळते. दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात ती मिळत नाही.

तांब्याचे भाव आणि स्थिर दराचा करार

विद्युत ठेकेदारीत साहित्याचा वाटा मोठा आणि त्यात तांबे व ॲल्युमिनियम यांचा प्रभाव निर्णायक असतो. लंडन धातू बाजारात २००५ च्या आरंभी तांब्याचा भाव टनाला सुमारे ३ हजार डॉलर होता. मे २००६ मध्ये त्याने ८ हजारांचा टप्पा ओलांडला. मार्च २०२० मध्ये तो ५ हजार डॉलरखाली आला आणि मे २०२१ मध्ये १० हजारांपलीकडे गेला. जागतिक बाजारातील अशी उलथापालथ चौदा महिन्यांत थेट जिल्ह्याच्या गावी बसलेल्या ठेकेदाराच्या खिशापर्यंत पोहोचते. वरील उदाहरणातील ६५ लाखांच्या साहित्यात २५ लाखांची तांब्याची तार असेल आणि तिचा भाव १५ टक्क्यांनी वाढला तर पावणेचार लाख रुपये जातात. ६ लाखांच्या नफ्यापैकी निम्म्याहून अधिक रक्कम एका भाववाढीत संपते.

मोठ्या करारांत यासाठी भावफरकाचे कलम असते. विद्युत उपकरण निर्मात्यांची संघटना ‘ईमा’ हिने प्रसिद्ध केलेली भावफरक सूत्रे व मूळ किमती त्यासाठी देशभर वापरल्या जातात. परंतु सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार भावफरकाचे कलम सामान्यतः अठरा महिन्यांहून अधिक मुदतीच्या करारांतच ठेवता येते. त्याहून लहान मुदतीचे करार स्थिर दराचे असतात. लहान ठेकेदाराची बहुतेक कामे याच वर्गात मोडत असल्याने भाववाढीची जोखीम त्याच्याच माथी राहते. खासगी ग्राहकाशी करार करताना दरपत्रकाची वैधता पंधरा दिवस किंवा महिनाभर ठेवणे, तसेच कार्यादेश मिळताच तारेपुरती आगाऊ रक्कम घेऊन खरेदी करून टाकणे, एवढे त्याच्या हाती असते. शासकीय निविदेत हा पर्यायही नसतो. तेथे निविदा भरल्यापासून कार्यादेश मिळेपर्यंतच्या विलंबाचा अंदाज दरातच धरावा लागतो.

नफा आहे, पण पैसा नाही

धंदा बुडण्याचे कारण अनेकदा तोटा हे नसून रोख रकमेची टंचाई हे असते. पूर्वीचेच उदाहरण पुढे नेता येईल. महिन्याला सरासरी १० लाखांची देयके सादर होतात व पैसे तीन महिन्यांनी मिळतात, म्हणजे कोणत्याही वेळी ३० लाख रुपये ग्राहकांकडे अडकलेले असतात. साहित्याचा व्यापारी एक महिन्याची उधारी देतो, त्यातून सुमारे ५.४ लाख सुटतात. उरलेल्या २४.६ लाखांवर १२ टक्क्यांनी व्याज धरल्यास वर्षाला सुमारे २.९५ लाख रुपये होतात. ६ लाखांचा नफा जवळपास निम्मा झाला. पैसे तीनऐवजी पाच महिन्यांनी मिळू लागले तर अडकलेली रक्कम ४४.६ लाख व व्याज ५.३५ लाख होते. वर्षभर राबून ६५ हजार रुपये उरले. काम चोख आहे, दर बरोबर आहे, ग्राहक बुडवा नाही, तरीही धंदा तरत नाही.

याखेरीज सुरक्षा अनामतीचा प्रश्न आहे. देयकातून ५ टक्के रक्कम दोषदायित्वाच्या कालावधीपर्यंत राखून ठेवली तर १ कोटी २० लाखांवर ती बरोबर ६ लाख रुपये होते. वर्षाचा संपूर्ण नफा अनामतीच्या रूपाने दुसऱ्याच्या ताब्यात जातो. कालावधी संपल्यावर ती रक्कम मागण्यासाठी अर्ज करण्याचेही राहून गेलेले ठेकेदार थोडे नाहीत. अनामतींची तारीखवार नोंदवही हे त्यावरील स्वस्त साधन आहे.

जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने यात आणखी एक पैलू आणला. स्थावर मालमत्तेशी संबंधित कार्यकंत्राट ही सेवा मानली जाते व तिच्यावरील सर्वसाधारण दर १८ टक्के आहे. उदाहरणातील विक्रीवर हा कर २१.६ लाख रुपये होतो. साहित्यावर भरलेल्या ११.७ लाखांची वजावट मिळाल्यावर ९.९ लाख रुपये रोखीने भरावे लागतात. बीजक निघाले की कराची जबाबदारी उत्पन्न होते, ग्राहकाने पैसे दिले की नाही याची ती वाट पाहत नाही. तीन महिन्यांच्या विलंबात सुमारे अडीच लाख रुपये याच कारणाने अडकतात. शासकीय खाती अडीच लाखांहून मोठ्या करारांत या कराची २ टक्के कपात उगमस्थानी करतात. ती रक्कम ठेकेदाराच्या इलेक्ट्रॉनिक रोख खात्यात जमा होते व करभरणा करताना वापरता येते. आयकराची उगम कपात वेगळी असते. या दोन्ही कपातींचा मेळ न घातल्यास स्वतःचाच पैसा विसरला जातो.

विलंबित देयकांविरुद्धचा कायदा

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम २००६ हा २ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. परीक्षेच्या दृष्टीने त्यातील पाचवे प्रकरण महत्त्वाचे आहे. कलम १५ नुसार खरेदीदाराने कराराच्या मुदतीत, पण कोणत्याही स्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. लेखी करार नसल्यास मुदत १५ दिवसांची आहे. कलम १६ नुसार विलंबावर रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. बँक दर ६ टक्के असेल तर हे व्याज १८ टक्के होते. तक्रार सूक्ष्म व लघु उपक्रम सुलभीकरण परिषदेकडे कलम १८ अन्वये करता येते. परिषदेचा निवाडा रद्द करून घेऊ पाहणाऱ्या खरेदीदाराला आधी निवाड्यातील रकमेच्या ७५ टक्के जमा करावे लागतात. अधिनियमाच्या नावात मध्यम उपक्रम असले तरी हे संरक्षण केवळ सूक्ष्म व लघु उपक्रमांना आहे, हा भेद विद्यार्थी अनेकदा विसरतात.

१ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उपक्रमाची मर्यादा २.५ कोटींची गुंतवणूक व १० कोटींची उलाढाल, तर लघु उपक्रमाची २५ कोटींची गुंतवणूक व १०० कोटींची उलाढाल अशी करण्यात आली. सव्वा कोटी उलाढालीचा ठेकेदार त्यामुळे निःसंशय सूक्ष्म वर्गात येतो. तथापि, साहित्य व श्रम यांचा एकत्रित समावेश असलेले कार्यकंत्राट या अधिनियमाच्या कक्षेत येते काय, याविषयी उच्च न्यायालयांच्या निकालांत एकवाक्यता राहिलेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांत कार्यकंत्राटास हे संरक्षण नाकारल्याची उदाहरणे आहेत. म्हणून शक्य तेथे साहित्यपुरवठ्याचा व उभारणीचा करार वेगळा ठेवणे आणि काम सुरू करण्यापूर्वीच उद्यम नोंदणी करून घेणे हिताचे ठरते. नोंदणी नंतर केल्यास आधीच्या करारांवर हक्क सांगता येतो काय, हाही वादाचा मुद्दा राहिला आहे.

कायद्यापलीकडेही काही व्यवस्था उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘समाधान’ हे संकेतस्थळ सुरू झाले. देयके वित्तसंस्थांकडून वटवून घेण्यासाठी ‘ट्रेड्स’ प्रणाली आली. वित्त मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनुसार चालू देयकाच्या पात्र रकमेपैकी किमान ७५ टक्के रक्कम सादरीकरणापासून दहा कामकाजाच्या दिवसांत द्यावयाची आहे. प्रत्यक्षात लहान ठेकेदार या हक्कांचा वापर करण्यास कचरतो. ज्या कार्यालयाविरुद्ध तक्रार करायची, त्याच कार्यालयाकडून पुढील काम मिळवायचे असते. ही भीती कोणत्याही परिपत्रकाने जात नाही, आणि ती अनाठायी आहे असे म्हणणेही धाडसाचे होईल. मोजमाप पुस्तिकेतील नोंद वेळेवर करून घेणे व अतिरिक्त कामाचा लेखी आदेश घेतल्याखेरीज खिळाही न ठोकणे, हे त्यामानाने निरुपद्रवी उपाय अधिक उपयोगी पडतात. ‘एवढे दोन पॉइंट वाढवून द्या’ या तोंडी सूचनेचे पैसे अंतिम देयकात बहुधा मिळत नाहीत.

कामाची निवड

सर्व कामे सारखी नसतात. मोठ्या कंपनीच्या हाताखालील उपठेक्यात काम अखंड मिळते, पण मुख्य ठेकेदाराला पैसे मिळाल्यावरच उपठेकेदाराला मिळतील, अशी अट असते. वार्षिक देखभालीच्या करारात रक्कम लहान असते, साहित्य कमी लागते व पैसे ठराविक तारखेला येतात. वरखर्चाचा मोठा भाग अशा करारांतून सुटला तर निविदेत अकारण दर पाडण्याची वेळ येत नाही. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेचा एकूण आकार ३,०३,७५८ कोटी रुपयांचा असून त्यात केंद्राचे अर्थसाहाय्य ९७,६३१ कोटी रुपयांचे आहे. तिच्यातील स्मार्ट मीटरची कंत्राटे मोठ्या संस्थांकडे गेल्याने लहान ठेकेदाराच्या वाट्याला त्यात प्रामुख्याने बसवणुकीची मजुरी येते.

छतावरील सौर संचाचे काम याहून वेगळे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे लक्ष्य व ७५,०२१ कोटींची तरतूद ठरविण्यात आली. पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट ३० हजार व तिसऱ्या किलोवॉटला १८ हजार, असे घरगुती संचासाठी कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. विक्रेत्याचा व्यवहार ग्राहकाशी असल्याने शासकीय देयकाची प्रतीक्षा टळते. मात्र पाच वर्षे देखभाल करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असते. वर्षाला दोन भेटी व प्रत्येक भेटीचा खर्च ६०० रुपये धरला तरी एका संचामागे ६ हजार रुपये पुढील पाच वर्षांत खर्च व्हायचे असतात. शंभर संच बसविणाऱ्या ठेकेदाराच्या खात्यात आज नफा म्हणून दिसणाऱ्या रकमेपैकी ६ लाख रुपये या भेटींसाठी स्वतंत्र खात्यात बाजूला ठेवावे लागतात.